जानवासात जळलेला पत्रा

माझ्या लग्नात सासरच्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: मुलगी आणि मोटार. मुलगी पाहायला ते एकदा आले, मोटार पाहायला पुन्हा पुन्हा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, कुंभकोणमला डॉक्टर होते. इन्नंबूरपासून तिरुनीलक्कुडीपर्यंतचे रोगी त्यांच्याच जिवावर. ती मोटार म्हणजे अप्पांचे पायच. तरी "मुलीच्या बापानं नाही म्हणू नये" असं शहाण्या नातलगांनी समजावलं आणि अप्पांनी मान डोलावली. रोग्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मी मनातल्या मनात जळत होते.

त्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी पाणी भरायचं काम माझं. एकदा इंजिन उघडलं होतं तेव्हा अप्पांनी मला ते नीट दाखवलं. खाली धड, वर डोकं आणि दोहोंच्या मध्ये दाबून बसवलेला, भोकं पाडलेला तांब्याचा पातळ पत्रा. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. आग, पाणी आणि तेल यांनी आपापल्या वाटेनं जावं, एकमेकांच्या घरात शिरू नये, हे बघणं त्या पत्र्याचं काम. इंजिन फार तापलं की डोकं वाकडं होतं, पत्रा जळतो आणि मग सगळा काला होतो. "म्हणून पाणी कमी पडूं देऊं नक्को, वारा लागूं दे, आणि तापल्यावर थंड पाणी ओतूं नक्को," अप्पा बजावायचे. आमच्या नात्यातल्या बहुतेक पुरुषांनाही हे सगळं लागू पडत असे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्हा तंजावरी मराठी लोकांकडे जानवास असतो. नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून, पुढे नादस्वर लावून, देवळापासून मांडवापर्यंत मिरवत आणतात. ही रीत आम्ही तमिळांकडून उचलली. तंजावरच्या दरबाराशी आमचं नातं सांगताना मात्र हे कुणाला आठवत नाही. मोटार आमच्या दारात सजत होती. सासऱ्यांनी फर्मावलं की मोटार जुनी आहे, तिचं तोंड दिसता कामा नये. मग रेडिएटरच्या जाळीवर मोगऱ्याचे हारावर हार चढले, वर केळीची पानं बांधली.

मी दारातूनच म्हटलं, "अप्पा, जाळी झांकली तर वारा कुठून शिरेल? ते हार काढवा."

"नवरी मुलीनें मोटारीचें बोलूं नये!" आत्या कडाडली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं आणि हार तसेच राहू दिले. ते डॉक्टर होते, पण त्या दिवशी नुसते मुलीचे बाप होते.

पुढचं मला माझ्या थोरल्या भावानं सांगितलं, कारण मोटार तोच चालवत होता. मिरवणूक मुंगीच्या पावलांनी निघाली. नादस्वरवाल्याला प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून तोडी आळवायची हुक्की आली. भाऊ म्हणाला, जरा इंजिन बंद करतो. सासरे गरजले, "बंद मोटारींत माझा मुलगा बसणार नाहीं!" शेवटी हारांमधून वाफ निघायला लागली. लोकांना वाटलं, धूप घातलाय. एकदोघांनी हातही जोडले. मग फाडकन आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. सासऱ्यांच्या धाकट्या भावानं शेजारच्या घरातून घागरभर थंड पाणी आणून त्यावर ओतलं आणि होतं नव्हतं ते पूर्ण केलं.

मोटार मांडवापर्यंत ढकलत आणली. नवरदेव आत बसलेलेच, कारण वाटेत उतरणं अशुभ. भावानं तेलाची सळई उपसून पाहिली. पत्रा जळून पाणी तेलात शिरलं होतं आणि तेल दुधाळ तपकिरी झालं होतं. कुंभकोणमचीच माणसं ती, फिल्टर कॉफीवर वाढलेली. इंजिनाचं कुणाला काही कळलं नाही, पण रंगावर जोरदार चर्चा झाली. "डिकॉक्शन कमी पडलें," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं वास घेऊन पाहिला.

सासऱ्यांनी वाजंत्री थांबवून चारचौघांत निकाल दिला, "हा मोडका डबा आम्हांस नक्को. मुलगी तेवढी द्या."

"जशी आज्ञा," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. लोकांना वाटलं, अपमानानं. तो आनंद होता हे मी मांडवातून ओळखलं. दुसऱ्या दिवशी माझं कन्यादान करताना मात्र तेच डोळे ठणठणीत कोरडे राहिले. त्या मोटारीचा मला तेव्हा जितका हेवा वाटला तितका पुढे जावेचाही वाटला नाही.

मिस्त्रीनं डोकं घासून सपाट केलं, नवा पत्रा घातला, तेल बदललं आणि मोटार पहिल्यासारखी धावू लागली.

काही महिन्यांनी अप्पा तिच्यातून मला भेटायला तिरुविडैमरुदूरला, माझ्या सासरी आले. ओट्यावर जेमतेम टेकले तोच दारातली मोटार ओळखून सायकलवरून एक माणूस धापा टाकत आला. तिरुनीलक्कुडीला त्याची बायको बाळंतपणात अडली होती. अप्पा उठले. मी रेडिएटरमध्ये पाणी घालायला धावले. सासरे मात्र मोटारीभोवती फेऱ्या मारत होते.

"काय झालें होतें हीस?"

"एक पत्रा जळला होता," अप्पा म्हणाले.

"एवढेंच?" सासऱ्यांचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. "मग ही आमचीच कीं. लग्नांत ठरलेली. ठेवून जा. तुम्हांस बैलगाडी जुंपून देतों."

अप्पांचा हात मोटारीच्या दारावरच थांबला. त्यांची मान पुन्हा खाली जायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामंजी," मी म्हटलं, "चौघांसमोर नक्को म्हटलेलें दान परत मागायची आपल्यांत रीत आहे का?"

आळीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं बसलेली होती. सासरे आत निघून गेले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो महिना मला फार सुखाचा गेला.

अप्पा वेळेवर पोचले. बाई वाचली, बाळही वाचलं. बैलगाडीनं दोघंही गेली असती.