झाकण लावून काढलेले फोटो

अख्ख्या बीड जिल्ह्यात अंधाराची खरी पारख असलेला एकच माणूस आहे आणि तो आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. बाकीच्यांना अंधार म्हणजे लाइट गेल्यावर उरतो तो. सरांच्या लेखी त्याचे प्रकार आहेत: डोळे मिटल्याचा, पडद्याआडचा, दाराला फट असलेला आणि ‘कामाचा’. यातला कामाचा अंधार आमच्या तालुक्यात एकाच ठिकाणी मिळतो, माझ्या भांडाराशेजारच्या खोलीत, आणि तोही सरांनी स्वतःच्या हातांनी तयार केलेला.

कॉलेजचं भांडार माझ्याकडे आहे. खुर्च्या, कपाटं, सूक्ष्मदर्शक, अगदी कान तुटलेल्या घमेल्यापर्यंत सगळं नंबर घालून रजिस्टरात. याद्या करणं हे माझं काम, आणि घरच्यांच्या मते माझा आजारही. चार वर्षांपूर्वी एका संशोधन योजनेतून सरांना कॅमेरा मिळाला आणि तो माझ्या यादीत दाखल झाला. मी आपली लग्नातल्या कॅमेऱ्यासारखी वस्तू येईल म्हणून कपाटातला एक कप्पा मोकळा करून ठेवला होता. आला तो जेवणाच्या डब्याएवढा काळा ठोकळा. पुढे काच, मागे वायर, मध्ये पंखा. त्याला ना बटण, ना पडदा, ना गळ्यात अडकवायचा पट्टा. कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय तो काहीच करत नाही आणि जोडल्यावरही आधी तासभर गार होत बसतो. सर सांगायचे, की डोळ्याला अजिबात दिसत नाही इतका मंद प्रकाश याला दिसतो. फक्त त्याचं डोकं थंड हवं. तेही साधं थंड नाही, शून्याच्या खाली वीस. बाहेर एप्रिलचं ऊन, स्टाफरूममधला पंखा एका पात्याने कुरकुरतोय आणि शेजारच्या खोलीत एक यंत्र बर्फाहून गार होऊन बसलंय, हे इंग्रजीच्या सरांना सहन झालं नाही. “माणसाला कूलर नाही आणि डब्याला काश्मीर!” असं ते म्हणाले. त्यावर आमचे सर शांतपणे म्हणाले, “उष्णता वाढली की कॅमेऱ्याला नसलेलं दिसायला लागतं. मेमध्ये तुम्हालाही लागतंच की.”

सरांच्या सगळ्या सवयी या कॅमेऱ्याने लावल्या की कॅमेऱ्याला सरांनी लावल्या, हे आता सांगता येणार नाही. त्यातली मुख्य सवय म्हणजे झाकण लावून फोटो काढणे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचारे झाकण काढायचं विसरले. मी म्हणाले, “सर, झाकण.” ते म्हणाले, “हो ना ताई, नीट बसलंय ना?” मग त्यांनी समजावलं. कॅमेरा कितीही थंड केला तरी तो स्वतःच्या मनाने थोडे ठिपके काढतोच. झाकण लावून फोटो काढला की त्याच्या मनात काय आहे ते कळतं. नंतर खऱ्या फोटोतून ते वजा करायचं. उरतं ते खरं. मला हे पटलं. अडचण एवढीच, की सर वजा करायच्या फोटोंतच इतके रमले की खऱ्या फोटोची पाळीच येईना. पावसाळ्यातला अंधार वेगळा, हिवाळ्यातला वेगळा, इन्व्हर्टरवरचा वेगळा, असे त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तयार झाले.

पुढे हे वजाबाकीचं वेड खोलीबाहेर आलं. आठवडी बाजारात सर भाजीवालीला म्हणायचे, “मावशी, आधी रिकामं पारडं दाखवा.” मावशी काटा दाखवायच्या, सर तो वाकून बघायचे आणि मग मेथीची एक जुडी घ्यायचे. जुडी नगावर मिळते, वजनावर नाही, हे मावशींनी त्यांना बऱ्याचदा सांगितलं. चहाच्या आधी ते नुसतं गरम पाणी प्यायचे, म्हणजे मागून आलेल्या चहात चहा किती हे कळावं. आमच्या कॅन्टीनच्या चहाबाबत उत्तर रोज शून्याच्या आसपास यायचं. कुणी विद्यार्थी तक्रार घेऊन आला की सर त्याला दोन मिनिटं गप्प बसवायचे. “आधी तुझी स्वतःची खरखर किती आहे ते बघू,” म्हणायचे. गंमत म्हणजे निम्मी मुलं दोन मिनिटांनी ‘काही नाही सर’ म्हणून उठून जायची.

खोलीचा अंधार राखणं हे तर व्रतच होतं. खिडकीला काळ्या कागदाचे तीन थर, त्यावर पोतं. दाराच्या आत जाड पडदा. कुलपाच्या भोकात सर रोज घरून आणलेला कणकेचा गोळा भरायचे. तो मुंग्या नेतात म्हणून पुढे मेण आलं. कॉम्प्युटरवर गोधडी टाकलेली असायची आणि सर तिच्यात डोकं खुपसून काम करायचे. आत जाणाऱ्याने पाव तास नुसतं बसायचं. “डोळे पिकू द्या,” असा त्यांचा शब्द. भर दुपारी बारा वाजता प्राचार्य त्यांना सगळ्या आवारात शोधत फिरायचे आणि सर चार फुटांवर डोळे पिकवत बसलेले असायचे.

एकदा सर नुसत्या अंधाऱ्या खोलीचे फोटो घेत होते, तर पंधरा दिवस त्यांत डाव्या कोपऱ्यात एक अंधुक ठिपका येत राहिला. झाकण काढलं की यायचा, लावलं की जायचा. सरांनी कॅमेरा फिरवला, टेबल हलवलं, भिंत पुसली, वही भरून आकडेमोड केली. आपल्या हाती काही नवीन लागलंय असं त्यांना वाटू लागलं होतं, ते जेवायला घरी जायचेही बंद झाले. शेवटी आमचे शिपाईमामा झाडायला आत गेले तेव्हा उलगडा झाला. मामांनी भिंतीवर, खुंटीच्या मागे, बोटाएवढा रेडियमचा मारुती चिकटवला होता.

“मामा, हे कशाला?”

“सर, तुमी एकटेच बसता ना अंधारात. कुणीतरी नको का सोबतीला?”

सर रागावले नाहीत. त्यांनी मारुती अलगद काढला, दाराच्या बाहेरच्या चौकटीवर लावला आणि मामांना म्हणाले, “ते इथूनही बघतात.”

आता माझी चूक सांगते. आमच्या संस्थेत दरवर्षी सामानाची तपासणी होते आणि प्रत्येक महाग वस्तूपुढे तिचा वापर काय, हे मला लिहावं लागतं. मी सरांना म्हणाले, “कॅमेऱ्याने काढलेले फोटो दाखवा.” त्यांनी उत्साहाने दाखवले. पहिला काळा. दुसरा काळा. विसावाही काळा.

“सर, हे सगळे काळे आहेत.”

“काळे कसले ताई? नीट बघा, दोन सारखे निघाले तर सांगा.”

मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं: ‘फोटो भरपूर. दिसत काही नाही.’ दोन आठवड्यांत संस्थेचं पत्र आलं. कॅमेऱ्याचा उपयोग अध्यक्षांना प्रत्यक्ष दाखवावा, नाहीतर तो जिल्ह्याच्या गावच्या आपल्या मोठ्या कॉलेजात पाठवावा. पत्र वाचून सर माझ्याकडे आले. वाटलं, बोलतील काही. त्यांनी फक्त विचारलं, “ताई, किती दिवस आहेत?” मी म्हणाले, “नऊ.” ते म्हणाले, “मग आता पानाकडे वळायला हवं.” त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. दुसरा कॅमेरा त्यांना कुणी देणार नव्हतं.

पानाची गोष्ट अशी. हिरवं पान उजेडात ठेवून एकदम अंधार केला, की ते पुढे मिनिटभर स्वतः अगदी पुसट उजेड सोडत राहतं. आपल्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. कपाशीच्या पानावर तणनाशक उडालं असेल तर तेवढ्या भागाचा हा उजेड बिघडतो, आणि पान पिवळं पडायच्या कितीतरी आधी ते फोटोत कळतं, असं सरांचं म्हणणं. त्या नऊ दिवसांत मी सरांना याद्या करून दिल्या: पानं कधी आणायची, कॅमेरा किती वाजता सुरू करायचा, लाइट गेली तर काय. सरांनी सगळं पाळलं. फक्त प्रत्येक ओळीच्या आधी त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘झाकण’ असं लिहिलं.

ठरल्या दिवशी अकरा वाजता आमचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. मांजरसुंब्याच्या धाब्यावर नाश्ता करून, बरोबर तपासणी समितीचे दोघे घेऊन. मी टोपलीत सगळ्यांचे मोबाइल आणि घड्याळं गोळा केली. आण्णांचा मोबाइल त्यांच्या हातातून सुटताना सगळ्या समितीने बघितला. तसा प्रसंग पूर्वी घडलेला नव्हता. आता दार लावायचं, एवढ्यात सर थांबले आणि आण्णांकडे निरखून बघू लागले. आण्णा पांढरेशुभ्र. इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं.

“आण्णा, हा सदरा चमकतोय.”

“चमकणारच! रोज धुवून घेतो.”

“तेच. कपडे पांढरे दिसायला त्या पावडरीत जे घालतात ना, ते दिवा मालवल्यावरही थोडा वेळ उजेड सोडतं. पानापेक्षा जास्त. सदरा काढावा लागेल.”

समितीचे दोघे छताकडे बघू लागले. आण्णांनी सदऱ्याच्या घडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “सर, तीस वर्षं राजकारण केलं. इरोधकांनीसुद्धा आमचा सदरा उतरवायची भाषा केली न्हाई.”

“त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता,” सर म्हणाले. त्यांना यात विनोद करायचा नव्हता, हे फक्त मला कळलं.

आण्णा मोठ्याने हसले, म्हणून आम्ही वाचलो. मामांनी धावत जाऊन स्वतःची काळी घोंगडी आणली आणि संस्थेचे अध्यक्ष घोंगडी पांघरून, मांडी घालून, काळोखात बसले. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला, “निघाला का फोटो?”

“नाही. अजून झाकण लावलेलंच आहे,” सर गोधडीतून म्हणाले.

“मग आमी काय करायलोत इथं?”

“झाकण लावलेला फोटो काढतोय.”

थोड्या वेळाने घोंगडीतून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं. प्राचार्य कुजबुजले, “उठवू का?” सर म्हणाले, “नको नको. झोपले की कमी हलतात.” मग पान आलं, दिवा लागला, मालवला, परत लागला, परत मालवला. एकेका मिनिटाचे फोटो सर एकावर एक चढवत गेले. शेवटी त्यांनी गोधडी बाजूला केली आणि आण्णांना मी हाक मारून उठवलं.

पडद्यावर पान होतं. राखेखालच्या निखाऱ्यासारखं, पण फक्त अर्धं. शिरेच्या एका बाजूला मंद उजेड आणि दुसऱ्या बाजूला, तणनाशक लागलं होतं तिथे, काहीच नाही. आण्णांनी टेबलावरचं खरं पान हातात घेतलं. दोन्हीकडून हिरवंगार. त्यांनी ते दिव्याजवळ धरलं, उलटं केलं, वासही घेतला.

“हे अर्धं मेलंय?”

“अजून नाही. चार दिवसांनी पिवळं पडेल. आज फक्त त्याला एकट्याला माहीत आहे.”

आण्णांनी ते पान अलगद टेबलावर ठेवलं. मागच्या साली त्यांच्याच कपाशीवर शेजारच्या रानातलं तणनाशक वाऱ्याने आलं होतं, हे त्यांनी मग सांगितलं. कळलं तेव्हा पीक हातचं गेलं होतं. जाताना सदऱ्याच्या गुंड्या लावत ते सरांना म्हणाले, “लई भारी काम हाय सर. मानलं तुमाला.” आणि प्राचार्यांकडे वळून म्हणाले, “एवढी चांगली वस्तू ह्या आडरानात कशापायी ठेवलीय? मोठ्या कॉलेजात न्या. चार लोकांना दिसंल.”

मी तिथेच उभी होते. उपयोग नसता तर कॅमेरा गेला असता. उपयोग होता म्हणूनही गेला. प्राचार्यांना सांगून पाहिलं, दोनदा लेखी दिलं, समितीतल्या एकाला घरी फोन केला. यादीत होते तेवढे सगळे उपाय करून झाले. सर मात्र नव्या लोकांसाठी सूचना लिहीत बसले होते. अकरा पानं झाली. त्यातली नऊ झाकणाविषयी होती.

आषाढात टेम्पो आला. सरांनी कॅमेरा स्वतः फोममध्ये ठेवला, मामांच्या घोंगडीत गुंडाळला, आणि टेम्पो फाटकाबाहेर वळेपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, “ताई, खोली ताब्यात घ्या. आता उघडी राहिली तरी चालेल.”

आम्ही तिघं आत गेलो. पडदा काढला, पोतं काढलं. काळा कागद खिडकीला इतका धरला होता की मामांना खुरप्याने खरवडावा लागला. तिसरा थर निघाला आणि खिडकी उघडली, तर बाहेरून उजेडाच्या आधी पानंच आत आली. गजांना लागून एक सीताफळाचं झाड उभं होतं, पुरुषभर उंच, भरगच्च.

“हे कुणी लावलं?” सरांनी विचारलं.

आवारातल्या झाडांची यादी माझ्याकडे आहे. त्यात ते नव्हतं. मामा हसायला लागले. “सर, कॅमेरा यायच्या आदी तुमीच हितं बसून सीताफळं खायचात की. बिया टाकायचात खिडकीतून.”

सर गजांपाशी गेले. त्यांनी एक फांदी जवळ ओढली. तिला सुपारीएवढी तीन फळं धरली होती. अंगठ्याने एका पानावरची धूळ पुसली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तासाची घंटा झाली. मुलं वर्गात जाऊन बसल्याचा गलका ऐकू आला.

“चार वर्षं,” सर म्हणाले, “मी इथेच होतो की हो ताई.”

मी हजेरीपट घेऊन त्यांच्या वर्गावर गेले आणि मुलांना सांगितलं, सर येतायत, तोवर गप्प बसा.