चार महिन्यांच्या लेकराचे दात

तान्ह्या लेकरांच्या वाढीवर मी लिहिलेला पहिला लेख जेमतेम चार पानांचा होता. त्याची पिवळी पडलेली प्रत अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ आहे, आणि सगळ्या छापील मजकुरापेक्षा मला तीच प्यारी आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकून मी मानवतच्या दवाखान्यात आले, तेव्हा अंगात भारी रग होती. आपल्या भागातलं लेकरू पहिल्या वर्षात कसं वाढतं, हे कुणी मोजून ठेवलेलं मला सापडलं नाही. म्हटलं, आपण मोजू. महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी ताणकाट्याला कापडाची झोळी टांगायची, लेकरू तिच्यात घालायचं, आकडा वहीत मांडायचा. "तोलायला लेकरू काय कापूस हाय का?" म्हणत बायका पदर आवळायच्या. मग आमची आयाबाई लेकराच्या गालाला काजळाची तीट लावायची, झोळीवरून मीठमोहऱ्या उतरवायची, तेव्हा कुठं काम पुढं सरकायचं. मी तिच्यावर खेकसायचे. पण ती नसती तर माझी वही कोरीच राहिली असती.

या बायकांत मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोरसवदा आई होती. पहिले दोन महिने तिचं लेकरू चांगलं भरलं. तिसऱ्या महिन्यात काटा उलट खाली आला. मी आकडा लिहिला आणि तिच्या तोंडावर म्हणाले, "असंच चाललं तर हे हातचं जाईल." मागं रांग होती, ऊन तापलं होतं. तिनं लेकरू झोळीतून उचलून पदराखाली घेतलं आणि ती निघून गेली.

चौथ्या महिन्यात तिनं आणलेलं लेकरू चांगलं गुबगुबीत होतं, खाली दोन दात. मी हरखले. महिन्यातून एकदा दिसणारी, टोपरं घातलेली, काजळ माखलेली लेकरं मला सगळी सारखीच वाटायची. ती गेल्यावर मी आयाबाईला म्हणाले, "बघ, माझं बोलणं कसं लागू पडलं."

ती गालात हसली. "बाई, तुमाला लेकरू न्हाई म्हणून कळंना. चार महिन्याला दोन दोन दात येतेत का? ते तिच्या जावंचं पोर हाय."

माझं डोकंच फिरलं. सरकारी दवाखान्यात येऊन मलाच बनवते म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी करून मी दोन कोसांवरच्या त्यांच्या वस्तीवर गेले, तिला काय काय सुनवायचं ते वाटेत घोकत.

खोपीत तिचं लेकरू पडलं होतं. हातापायांच्या काड्या, रडायचंसुद्धा त्राण नाही. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी लिवलं अन् ते वाळायलंय. म्हणून म्या पुन्हा लिवू दिलं न्हाई."

घोकलेलं सगळं सोडून मी लेकराजवळ बसले. मला माझी लाज वाटली, आणि आजही वाटते.

हिवतापानं तिचं दूध आटलं होतं. शेळीचं दूध बाधतं म्हणून सासूनं गुळाचं पाणी लावलं होतं, आणि खोपीबाहेर दुभत्या शेळ्या बांधलेल्या होत्या. मी दूध-पाणी उकळलं, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं. आईला हिवतापावरचं कोयनेल सुरू केलं. एक दिवसाआड जात राहिले. सासू आधी फुरंगटली, मग स्वतःच बोळा धरायला शिकली. कधी लेकरू दूध ठेवायचं, कधी सगळं ओकायचं. परतताना गाडीत मी रडले आहे. पण काटा आणि वही मी तिथं नेली नाही.

लेख पाठवायची वेळ आली तेव्हा त्या लेकराचे सगळे आकडे मी खोडून टाकले.

पुढं लेख छापून आला. एका बाजाराच्या दिवशी मी प्रत टेबलावर ठेवून कौतुकानं बघत होते, तेवढ्यात ती दारात उभी. लेकरू कडेवर, पदरात गूळ. "पोखर्णीला नरसिंहापुढं गुळानं तोललं," म्हणाली, "नवस बोलले होते." आयाबाई काजळाची डबी घेऊन पुढं झाली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. लेकरू स्वतःच झोळीत घातलं आणि माझ्याकडं वळली.

"आता लिवा, बाई."

वही कधीच संपली होती. समोर लेख होता. त्याच्या समासात मी लेकराचं वजन लिहिलं.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. तिनं लेकराला उचलून छातीशी घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "आनखी एकदा वाचा."