डंपरच्या सीटवरचे हादरे

डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर मी सुरक्षा अधिकारी होते, तेव्हाची गोष्ट. पेडण्याहून रोज जायचे. जड वाहनं चालवणाऱ्यांच्या अंगाला किती हादरे बसतात ते मोजायचं आणि आपले नि परदेशी नियम शेजारी-शेजारी मांडून अहवाल द्यायचा, असं काम माझ्याकडे आलं.

सगळ्यात जुना डंपर मुळगावच्या एका काकांकडे होता. पन्नाशी उलटलेली. सीटवर मोजणीची रबरी चकती ठेवली, तिच्यावर काका बसले, बाजूच्या सीटवर मी. तीन खेपा झाल्यावर माझे दातसुद्धा दुखत होते. काका उतरताना दोन्ही हातांनी दांडा धरून थांबले, मग एकेक पाय खाली टाकला.

“काका, कंबर दुखते?”

“बाय, आकडा बारीक लिही. मोठा लिहिलास तर मला गाडीवरून उतरवतील. मला दुसरं काय येतं?”

ऑफिसात आकडा तक्त्यात घातला. आपलं मानक आंतरराष्ट्रीय मानकावरूनच घेतलेलं; दोन्हींत तो धोक्याच्या पट्ट्यात पडला. युरोपच्या कायद्यातल्या कमाल मर्यादेच्या मात्र तो जरासा खाली होता. तिथेही ‘उपाय करा’ असं म्हटलंच होतं, पण पुढच्या ओळीत.

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, युरोपचाच रकाना ठेवा. तोही परदेशीच नियम ना? आणि ती पुढची ओळ नको.”

म्हणजे मॅनेजरना आणि काकांना एकच हवं होतं. दोन दिवस मी ती फाइल उघडायचे नि मिटायचे. खरं लिहिलं तर काकांची गाडी जाणार, नाही लिहिलं तर पाठ. जेवणाच्या सुट्टीत काका दिसले की मी दुसरीकडे बघायचे.

शेवटी सगळे रकाने ठेवले. खाली लिहिलं, सीट बदला, रस्ता सपाट करा, पाळीच्या मध्ये चालक बदला. चालकाला काढणं हा उपाय नव्हे. सही केली.

महिन्याभरात नवी सीट आली. रस्ता तसाच राहिला. नव्या सीटवर कोल्हापूरकडचा दुसरा चालक बसला आणि काकांना ‘तब्येतीच्या कारणाने’ गेटवर पाठवलं.

मी गेटवर गेले. “काका, मी तसं लिहिलं नव्हतं.”

“ठाऊक आहे. क्लार्कने वाचून दाखवलं.” ते वहीत गाड्यांचे नंबर लिहीत होते, वर न बघता. “पण बाय, मी तुला सांगितलं होतं ना.”

मागे हॉर्न वाजला. काका सावकाश उठले आणि गेटचा आडवा बांबू वर करायला गेले.