कुत्र्याबद्दल एका माणसाला भेटायचंय

अंधेरी एमआयडीसीतल्या एका लहानशा ऑफिसात मी ड्राफ्टिंग करते. इंग्लंडमधली एक कंपनी जुन्या घरांना नव्या खिडक्या बसवते, त्या खिडक्यांचे नकाशे आम्ही इथे बसून काढतो. दर गुरुवारी दुपारी साडेतीनला तिथल्या साहेबांशी व्हिडिओ कॉल असतो. साहेब साठीच्या पुढचे, बोलणं संथ, चष्मा कायम कपाळावर. मी मराठी माध्यमाची. त्यांचं बोलणं आपल्याला कळतंय याचाच मला सुरुवातीला इतका आनंद होता की, आपल्याला कळलं ते चुकीचंही असू शकेल, हे डोक्यातच आलं नाही.

कॉल लांबला की साहेब मध्येच उठत आणि म्हणत, “एक्स्क्यूज मी, आय हॅव टू सी अ मॅन अबाउट अ डॉग.”

यातला शब्दन् शब्द मला येत होता. साहेबांना कुत्र्याबद्दल एका माणसाला भेटायचं होतं. पाच मिनिटांनी ते परत येत. चेहरा जरा निवांत दिसे, पण कुत्रा काही नसे.

नाहूरला घरी गेल्यावर मी हे आईला सांगितलं. आई मूळची मालवणकडची. तिला ऑफिसातलं बाकी काही विचारायचं नसे, पण ही गोष्ट तिने मनावर घेतली. दर गुरुवारी मी चपला काढायच्या आत प्रश्न.

“काय गो, गावलो काय कुत्रो?”

“नाही गं. आज दोनदा जाऊन आले बिचारे.”

“इतक्या मोठ्या विलायतेत एक कुत्रो गावना नाय? आमच्या बिल्डिंगीखाली ये म्हणान सांग, हवे तितके घेवन जा.”

असे चार महिने गेले. शेवटी मलाच राहवेना. एका नकाशाच्या ईमेलखाली मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: तुम्हाला कुत्रा लवकर मिळो. माझी आई म्हणते, तो माणूस फार आढेवेढे घेत असेल तर दुसरा बघा.

ईमेलची कॉपी टीम लीडला जायची. तो बोरिवलीचा, माझ्याच वयाचा. तो खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आला.

“हे कुत्र्याचं काय लिहिलंस?”

मी सगळं सांगितलं. तो टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. “अगं यडे, तशी बोलायची पद्धत आहे ती. तो मुतायला जातो!”

माझे कान तापले. चार महिने मी आणि आईने एका परक्या माणसाच्या मुतारीच्या फेऱ्यांची काळजी वाहिली होती, आणि आता लेखी सल्लाही दिला होता. नोकरी सोडावी असंच वाटलं.

पुढच्या गुरुवारी कॉल सुरू होताच मी माफी मागितली. साहेब लाल होईपर्यंत हसले. माझं ईमेल त्यांच्या बायकोने छापून फ्रिजवर चिकटवलं होतं म्हणे. वर म्हणाले, “मला तर कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे. जवळ आला की शिंका सुरू.”

मी म्हटलं, “माझं ठीक आहे, पण आईला काय सांगू? ती दर गुरुवारी विचारते.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते विचारात पडले. दोन दिवसांनी त्यांच्याकडून एक फोटो आला. मांडीवर शेजाऱ्यांचा केसाळ कुत्रा, साहेबांचे डोळे पाण्याने भरलेले, नाक लाल.

मी आईला फोटो दाखवला. “बघ, मिळाला एकदाचा.”

आईने फोन लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाली, “कुत्रो तेच्याकडे बघूक पण तयार नाय. हेचो मालक दुसरोच कोणतरी आसा. चोरल्यान काय गो?”

त्यापुढे माझं काही चाललं नाही. खरं सांगून टाकलं. आईने पदर तोंडावर धरला आणि खाटेवर बसून हसली. साहेब चोर नाहीत याचाही तिला आनंद झाला असावा. हसू आवरल्यावर म्हणाली, “आपण तरी खय सरळ सांगतो? लघुशंका म्हणतो नाय? ह्या सांग तेका.”

मी सांगितलं. लघु म्हणजे स्मॉल, शंका म्हणजे डाउट. साहेबांना तो शब्द फारच आवडला. त्यांनी तो लिहूनही घेतला.

पुढच्या मीटिंगला टीम लीड नकाशे समजावत होता. आमच्याकडे कुणाला काही विचारायचं असलं की तो डाउटच असतो. एका खिडकीच्या मापाशी तो अडला आणि म्हणाला, “सर, आय हॅव अ स्मॉल डाउट.”

साहेब गंभीर झाले. म्हणाले, “प्लीज, जा तुम्ही. आम्ही थांबतो.”

मी घाईघाईने कॅमेरा बंद केला. टीम लीड गोंधळून माझ्याकडे बघत, माइकवर हात ठेवून विचारत होता, “कुठे जा म्हणतायत? काय झालं?”

त्याला मी तीन दिवसांनी सांगितलं.