झाकणं नीट लावून जा

मालू गेल्याचं मला श्रीधरनं फोनवर सांगितलं. श्रीधर म्हणजे तिचा मुलगा, पुण्याला असतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात साखरेचा डबा भरत होते. "उषामावशी, आई सकाळी गेली. झोपेतच," एवढं बोलून तो थांबला. मी त्याला विचारलं, "तू काही खाल्लंस का?" फोन ठेवल्यावर उरलेली साखर डब्यात ओतली, झाकण लावलं, ओटा पुसला... आणि मग खाली बसले.

मुलांनो, तुम्ही दोघं तिला 'भूतवाली आजी' म्हणता. व्हिडिओ कॉलवर ती चादर डोक्यावरून घेऊन तुम्हाला घाबरवायची, तेवढीच तुम्हाला ठाऊक. ती कोण होती हे तुम्हाला नीट कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

रामघाटाच्या आमच्या गल्लीत मालूचं घर आमच्या समोरच होतं. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मला वडिलांनी इंग्रजी शाळेत घातलं, म्हणून मालू मला जन्मभर 'कॉन्व्हेंट' म्हणायची. ती स्वतः मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्या घरातली प्रत्येक वस्तू आपल्या जागेवर असते हे तुम्ही जाणता. माझ्या डब्यांच्या झाकणांवर नावं चिकटवलेली आहेत, तीही इंग्रजीत. डबे सगळे सारखे, त्यामुळे मी झाकण वाचते, आत बघत नाही. मालूला हे कळलं आणि तिला आयुष्यभराचा उद्योग मिळाला. ती आली, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, की दोन झाकणं बदललेली असायची. तुमच्या आजोबांचे साहेब एकदा घरी आले, तेव्हा त्यांच्या चहात मी चमचाभर रवा घातला होता. साहेबांनी तो चहा निमूटपणे संपवला. मालू मात्र समोरच्या खिडकीत पदर तोंडात कोंबून उभी होती.

निवृत्त झाल्यावर तिनं सिनेमा काढायचं ठरवलं, तोही भुताचा आणि विनोदी. कॅमेरा तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी कुठूनसा मागून आणला. भुताचा मेकअप म्हणजे तांदळाचं पीठ आणि काजळ. हनुवटीखालून टॉर्च धरला की आपलंच तोंड परकं का दिसतं, हे तिनं आम्हाला सातवीच्या वर्गात शिकवावं तसं समजावलं होतं. पण पहिली अडचण वेगळीच निघाली. गल्लीतले दामूशास्त्री गोष्ट ऐकून ओट्यावर ताठ बसले.

"काशीत भूत? अहो मालतीबाई, इथं मेलेला माणूस थेट सुटतो. भूत व्हायला मागं उरतंय कोण?"

"मग पैलतीरावर मरते, शास्त्रीबुवा. तिकडं चालतं ना?"

"तिकडं चालेल. पण मग ते भूत इकडे कशाला येईल?"

"बरं, होडीत मरते. गंगेच्या मधोमध. अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

शास्त्रीबुवांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाले, "मधोमध म्हणजे... होडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं?" त्या क्षणी ते सिनेमात सामील झाले. त्यांनी शास्त्रीबुवांचंच काम केलं, आणि ग्रंथात आधार सापडल्याशिवाय एकही वाक्य बोलायला नकार दिला. सिनेमाचं नाव ठरलं 'अर्धी मुक्ती'. होडीत मेलेल्या एका म्हातारीची मुक्ती अर्धवट अडकते, आणि ती भूत होऊन एका टापटिपीच्या बाईच्या घरी राहायला येते. भूत अर्थात मालू झाली. टापटिपीची बाई कोण, हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

होडीचे प्रसंग शिंदे घाटावर घेतले, घरातले सगळे माझ्या स्वयंपाकघरात. मला घाबरण्याचे संवाद पाठ करायला दिले होते. मी ते स्वच्छ म्हणून दाखवले. मालू म्हणाली, "वा, प्रार्थना छान म्हटलीस." चित्रीकरण चाललं असतानाच तिच्या पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी वापरलेला शब्द ऐकून आम्ही दोघी रिक्षात एकमेकींकडे न बघता घरी आलो. श्रीधर तिला पुण्याला चल म्हणत होता. तिथं चांगले उपचार होते, तो होता, सूनबाई होती. मालूचं एकच उत्तर असायचं, "अख्खं जग इथं मरायला येतं, आणि मी इथली होऊन बाहेर जाऊ?" मीही श्रीधरला फोनवर सांगत होते, "तिला इथंच राहू दे. मी आहे ना." मला ती इथं हवी होती. दुसरं काही कारण नव्हतं.

गेल्या कार्तिकात मंगला गौरीच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत सिनेमाचा पहिला खेळ झाला. त्याला 'प्रीमिअर'च म्हणायचं, असा मालूचा हुकूम होता. पडदा म्हणजे शास्त्रीबुवांची दोन धोतरं जोडून शिवलेली. दारात अत्तर, गुलाबपाणी, पेढे. सगळी गल्ली आली होती, आणि श्रीधरही. तो सिनेमासाठी नव्हे, आईला घेऊन जायला आला होता. माझ्या शेजारी बसला तेव्हा त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. "मावशी, अशा तब्येतीत हे सगळं... तुम्ही तरी थांबवायचं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईला कधी कुणी थांबवलंय?"

दिवे मालवले. भूत पडद्यावर आलं, ते नेमकं दोन धोतरांच्या शिवणीवर. अर्धी मालू इकडे, अर्धी तिकडे. मागून कुणी ओरडलं, "शास्त्रीजी, धोती से मुक्ती दिलाइए!" आणि जो हशा सुरू झाला तो थांबेना. मग माझं स्वयंपाकघर दिसलं, आणि त्यात मी. पण मी पाठ केलेलं एकही वाक्य मला ऐकू आलं नाही. मालूनं ती सगळी काढून टाकली होती. पडद्यावर होते ते माझे मधल्या वेळेतले बोल, कॅमेरा बंद आहे अशा समजुतीत मी तिच्यावर ओरडले होते ते. "पीठ सांडलंस ते कोण पुसणार?" "हा डबा इथला नाही!" "केस बांध आधी, स्वयंपाकघर आहे हे!" समोर पांढऱ्या तोंडाचं भूत, आणि ही बाई त्याला न भिता फडाफडा बोलते आहे. माणसं खुर्च्यांवरून घसरत होती. मी मात्र शरमेनं लाल. शेजारची एक बाई माझा दंड धरून म्हणाली, "भाभीजी, आप तो हीरोइन निकलीं!" हळूहळू मलाही हसू आवरेना. पडद्यावरची ती बाई खरोखरच असह्य होती.

शेवट मात्र मला ठाऊक नव्हता. भूत दारात उभं आहे, जायला निघालेलं. शास्त्रीबुवांनी ग्रंथातून वाट शोधून दिली आहे, पण त्याचा पाय निघत नाही. ते मागं वळून घरातल्या बाईकडे बघतं. आणि आतून माझा आवाज येतो, "जायचं तर जा बाई. पण झाकणं नीट लावून जा. असं उघडं टाकून जाऊ नये."

हे मी एका दुपारी खरंच बोलले होते. मालू थकून घरी निघाली होती आणि ओट्यावर सगळे डबे उघडे होते, म्हणून. पडद्यावर ते भूत परत आलं, एकेक झाकण उचललं, नीट बघून चुकीच्या डब्यावर लावलं, आणि घाटाच्या पायऱ्या उतरून होडीत जाऊन बसलं. लोक टाळ्या वाजवत होते. श्रीधर मोठ्यानं हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा, आणि हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत राहिले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या रांगेतून मालू मागं वळून आमच्या दोघांकडे बघत होती. तेव्हा मला उमगलं. तिचं पुण्याला जायचं ठरलं होतं.

बाहेरच्या पायरीवर मी तिला गाठलं. "मला विचारलं नाहीस."

"विचारलं की. तूच म्हणालीस, जायचं तर जा."

"ते डब्यांचं बोलणं होतं, मालू!"

"मनापासून बोललीस ते मी घेतलं. आणि सरळ विचारलं असतं तर सोडलं असतंस का, कॉन्व्हेंट?"

तिनं माझा हात हातात घेतला. तिची बोटं अत्तरानं ओशट झाली होती. "त्याचे बाबा गेले तेव्हा तो पोचू शकला नाही. अजून तो ते बोलून दाखवत नाही, पण मला दिसतं ना. मला इथं मुक्ती मिळेल गं, पण तो तसाच अडकून राहील. त्याला माझं थोडं करू दे." मग लगेच डोळे मिचकावत म्हणाली, "आणि सोय पण बघ. इथं गेले तर थेट सुटले. पुण्यात गेले तर येणं-जाणं राहतं!"

मला त्या क्षणी तिचा राग आला. विनोदाचा नव्हे, जाण्याचा.

निघायच्या दिवशी ती चहाला आली. नेहमीसारखी पाणी प्यायला आत गेली. ती गेल्यावर मी रोजचा एकेक डबा उघडून पाहिला. साखर, रवा, डाळी, पोहे... सगळं जागच्या जागी. नीट लावलेल्या झाकणांकडे बघून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पुढं तिचे फोन यायचे. आवाज बारीक होत गेला, पण शेजारी श्रीधरचं हसणं ऐकू यायचं. तो तिच्यासाठी मऊ भात करायला शिकला होता. "मीठ घालायला विसरतो," ती तक्रार करायची, आणि त्या तक्रारीत केवढं सुख असायचं.

श्रीधरच्या त्या फोनला काही आठवडे झाले, आणि मी वर्षाचा गोडा मसाला करायला घेतला. त्याचे डबे वरच्या फळीवर असतात, वर्षातून एकदाच खाली येतात. धन्यांचं झाकण उघडलं, आत दगडफूल. दगडफुलाचं उघडलं, आत धने. फळी उंच आहे. त्या तब्येतीत ती स्टुलावर कशी चढली असेल, आणि मला बाहेर आवाज कसा आला नाही, कोण जाणे. मी तिथंच स्टुलावर बसले. हसले का रडले, ते मलाही सांगता येणार नाही.

शास्त्र वगैरे मी फारसं मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण मसाला झाल्यावर डबे पुसून परत वर ठेवताना आमची कामवाली कमला, जिला माझी इंग्रजी झाकणं एव्हाना पाठ झाली आहेत, म्हणाली, "अम्माजी, ये दोनों ढक्कन अदल-बदल हो गए हैं. ठीक कर दूँ?"

मी म्हटलं, "रहने दो. जिसने बदले हैं, वही आकर ठीक करेगी."