उपड्या बरण्या

माझी थोरली वहिनी तेलात मुरवलेल्या मिरच्या विकायची. भाऊ गेल्यावर त्याच मिरच्यांवर तिने घर चालवलं. मला लिहायची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

मागची खोली मिरच्यांची. तिथे कुणी चप्पल घालून पाऊल टाकलं की मेलाच तो. बरण्या काचेच्याच. "प्लॅस्टिकचं मी तोंड बघणार नाही," म्हणायची. बरण्या उकळायची, उन्हात वाळवायची, आणि भरल्या की फळीवर उपड्या ठेवायची. तेल झाकणाला टेकलं की हवा शिरत नाही, बुरशी धरत नाही, हा तिचा स्वतःचा शोध. खरंच, बुरशी कधी आली नाही. सगळ्यात जुन्या, चांगल्या मुरलेल्या बरण्या घरासाठी. सून पोटुशी राहिली तेव्हा तिला दुसरं काही गिळवेना. "खा गं, घरचं आहे," म्हणत वहिनी तिच्या ताटात चमचा रिता करायची.

त्याच दिवसांत एका मोठ्या दुकानाने माल ठेवायचं कबूल केलं. आधी तपासणी म्हणून दोन बरण्या नेल्या. काही दिवसांनी प्रयोगशाळेतली एक मुलगी घरी आली. वहिनीला वाटलं, पसंती कळवायला आली.

"काकू, तुमच्या तेलात एक रसायन सापडलंय. प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात ते. चालतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे."

"प्लॅस्टिक? माझ्याकडे?" वहिनी हसलीच. "अगं बाई, भलत्याच कुणाची बरणी तपासलीस तू. ये, खोली बघ."

मुलगी फळीपुढे थबकली. "या उपड्या का?"

वहिनीने कौतुकाने सगळं सांगितलं. मुलगी ऐकता ऐकता झाकणं निरखायला लागली. तिने एक कोरं पत्र्याचं झाकण मागितलं आणि सगळ्यात जुन्या बरणीचं एक. "आतलं कडं दाबून बघा."

कोऱ्या झाकणाच्या आतलं पांढरं कडं कानाच्या पाळीसारखं मऊ होतं. जुन्याचं आक्रसून गेलेलं, नख रुतेना.

"रबर वाटतं, पण ते प्लॅस्टिकच आहे. मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते तेलात उतरतं. बरणी उभी असती तर कमी उतरलं असतं. तुमचं तेल महिनोन्‌महिने त्यालाच टेकून होतं."

वहिनीने दोन्ही झाकणं पुन्हा दाबली. "भावजी, तुम्ही बघा हो," म्हणून मलाही दाबायला लावली, जणू माझं बोट काही वेगळं सांगेल. मी बोट सदऱ्याला पुसलं. तेच तेल मी वर्षानुवर्षं बोटाने निपटून खाल्लं होतं.

"म्हणजे हा मऊपणा," ती हळूच म्हणाली, "आमच्या पोटात?"

"एखाद्या बरणीने लगेच काही होत नाही, काकू. पण रोज नको. आणि गरोदर बाईला तर नकोच."

वहिनीने दुकानाचा विषयसुद्धा काढला नाही. ती दारात उभ्या सुनेकडे बघत राहिली.

"आई, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मी वाढलं गं तुला. माझ्या हाताने."

सुनेला घेऊन ती आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी धीर दिला, मिरची बंद केली. परत आल्यावर पाणीही न पिता ती घरोघर बरण्या परत मागायला निघाली. मी पिशव्या धरायला.

बाकीच्यांनी दिल्या. शेजारचे म्हातारे ड्रायव्हर अडून बसले. "जन्मभर धूर गिळला मी. तुमचं रसायन माझं काय वाकडं करणार?"

"द्या म्हणते ना."

"अर्धी राहिलीय हो वहिनी!"

ती त्यांच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसली. "मग मी इथेच. चहा टाका, जेवायलाही थांबते."

शेवटी त्यांनी कुरकुरत बरणी पिशवीत ठेवली. "नवी कधी देणार?"

एरवी ती पायरी उतरता उतरता वार सांगायची. त्या दिवशी पायरीवरच थांबली.

"झाकण चांगलं मिळालं तर," ती म्हणाली. "ते तपासून घेईन. आणि जाणत्याला विचारल्याशिवाय आता काही ठरवणार नाही मी."