अकरा नंबरची विहीर कोरडी नव्हती

रेवती हातीबरुआला आम्ही तोंडावर बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणायचो आणि माघारी चिखलवाली. तिला दोन्ही माहीत होतं. तेलविहीर खोदताना भोकातून जो चिखल सतत फिरवावा लागतो, तो तिच्या ताब्यात. रोज सकाळी नरसाळं घेऊन यायची, चिखल ओतून सेकंद मोजायची, दोन बोटांत चोळायची आणि तोंड वाकडं करायची.

"मुही, परत बॅराइट टाकलंस?"

मुही म्हणजे मी, विहीर खोदणारा ड्रिलर. टाकलेलं असायचं. त्या जड दगडाच्या पुडीने चिखलाला वजन येतं, खालचा गॅस दबून राहतो आणि माणूस निवांत चहा पितो. खोटं कशाला बोलू, आम्हाला जीव प्यारा होता.

तिचं भांडण अकरा नंबरच्या विहिरीवरून. ती बिहूच्या सणाला दोन दिवस घरी गेली, तेवढ्यात आम्ही तेल असलेल्या वाळूच्या थरात शिरलो. परत येऊन तिने चिखल तोलला, तर नोंदीपेक्षा कितीतरी जड. आमचे वरिष्ठ दुवरा साहेब म्हणाले, "तुमचा काटा बिघडलाय." विहिरीतून तेल आलं नाही. साहेबांनी अहवालात 'कोरडी' लिहून तोंड सिमेंटने बुजवलं. तीन वर्षं बाई भेटेल त्याला सांगायची, "कोरडी नाही ती. जड चिखल वाळूत घुसला, बारीक भोकं बुजली. गळा दाबलाय आपण तिचा." लोक हसायचे. मी सगळ्यांत जोरात हसायचो. त्याला कारण होतं.

मग त्याच वाळूच्या थरावर, चहाच्या मळ्याच्या कडेला, बारा नंबर सुरू झाली. वाळू पन्नास मीटरवर राहिली तेव्हा बाइदेउने काम थांबवलं. जुना चिखल काढा, नवा हलका भरा. त्यात पोटॅशचं मीठ, आणि बॅराइटच्या जागी चुनखडीची भुकटी. दोन दिवस जाणार होते. साहेब भडकले.

"गॅसने विहीर उसळली म्हणजे? काही नको, बॅराइट टाका रे!"

बाई बॅराइटच्या गोण्यांच्या थप्पीवर चढून बसली, डबा उघडला आणि आंबट माशाचा रस्सा-भात खायला लागली.

"उठा!"

"उचला मला."

साहेबांनी हमालांकडे पाहिलं. हमाल आपल्या पायांकडे बघत बसले.

"काय तमाशा लावलाय, बाइदेउ!" मी म्हणालो.

"तमाशाच बघ मग." तिने पिशवीतून दोन पेले काढले. एकात चुनखडी, एकात बॅराइट. दोन्हींवर ॲसिड ओतलं. चुनखडी फसफसली आणि विरून गेली. बॅराइट ढिम्म. "चुनखडी वाळूत गेली तर मी धुऊन काढीन. हे कोण धुणार, तुझा बाप?" मग अकरा नंबरच्या दगडाचे दोन तुकडे काढले. साध्या पाण्यातला बघता बघता फुगून चिखल झाला, मिठाच्या पाण्यातला तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "उसळली तर जबाबदारी तुमची."

"देते की. आणि वजनही लिहिते. खालच्या दाबापेक्षा जरासं जास्त. घाबरटाच्या हिशेबाचं नाही."

तिने हात धुऊन तिथेच, गोणीवर कागद ठेवून लिहिलं. मी जीव मुठीत धरून खोदलं. विहीर उसळली नाही. महिन्याभराने झडप उघडली, तर तेल आपसूक वर आलं.

साहेबांनी मांडव घातला, सगळ्यांसमोर फुलांच्या काठाचा मानाचा गामोछा तिच्या गळ्यात घालायला गेले. तिने हाताने अडवला.

"गामोछा नको. अकरा नंबरच्या अहवालातलं 'कोरडी' खोडा."

"एका विहिरीवरून दुसरीचं काय ठरतं? नोंदीत वजन बरोबर आहे, मॅडम. पुरावा कुठाय?"

ती एकटी उभी होती. गालफडं घट्ट, डोळे भरलेले. मला बसवेना.

"पुरावा मी," मी उठून म्हणालो. "चाळीस गोण्या जास्त टाकल्या होत्या. ती गावी होती आणि मी भ्यालो होतो. नोंदवल्या नाहीत."

बाइदेउ चालत माझ्यापुढे आली.

"आणि तीन वर्षं हसत होतास?"

"हो."

तिने आपली वही माझ्या छातीवर आपटली. "लिही. सही कर."

मी लिहिलं. तिने कागद फाडून साहेबांच्या हातातल्या गामोछावर ठेवला.

"आता उघडा अकरा नंबर."